खेळपट्टीला वळसा घालणारा चोर

१

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारातून दगड चोरीला गेला. तो गेल्याचं सगळ्यांत आधी मी पाहिलं आणि तिथंच माझं चुकलं. जो पहिला बघतो त्याच्याकडेच गाव पहिलं बघतं.

मी रोज सकाळी माझ्या अमोसच्या थडग्यावर जाते. वाटेत भिंतीला टेकून तो दगड उभा असायचा, वर झेंडा पांघरलेला. जेवणाच्या टेबलाएवढी शिळा, आणि तिच्यावर आमच्या नेदरकोम गावातल्या, लढाईत मेलेल्या दहा जणांची नावं. रविवारी बिशप येणार, झेंडा काढणार, आशीर्वाद देणार, असं ठरलेलं. त्या सकाळी झेंडा नीट घडी घालून गवतावर ठेवलेला दिसला. दगड नव्हता.

मी ओरडले नाही. पास्कला उठवायला गेले. पास्क आमचा हवालदार. जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा फडक्यात मीच गुंडाळला होता, म्हणून त्याला अरेतुरे करायचा मला हक्क आहे. तो पॅन्टचे पट्टे चढवत आला, रिकाम्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"काय रे?" मी म्हटलं. "दगड माझ्या परकरात लपलाय का?"

त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं होतं. दगड उभारणाऱ्या मंडळाच्या सभेत, साऱ्या गावासमोर मी म्हणाले होते, की हा दगड उभा राहिला तर मी माझ्या हातानं फोडीन. म्हणाले होते, आणि आजही नाकबूल करत नाही. माझा अमोस चार वर्षं फ्लँडर्सच्या चिखलात होता. विषारी वायूनं फुप्फुसं जाळून घेऊन घरी आला आणि तहानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, आमच्या 'नांगर' दारूगुत्त्याच्या माडीवर खोकत खोकत गेला. मंडळाचे अध्यक्ष मिस्टर बॅगशॉ, ज्यांनी लढाई वर्तमानपत्रात पाहिली, ते म्हणाले, "हॅलेटबाई, नियम म्हणजे नियम. तहाच्या घंटा वाजायच्या आधी जे पडले त्यांचीच नावं. तुमचा मुलगा आपल्या बिछान्यात गेला."

बिछान्यात. जसा काही दुपारी जेवून आडवा झाला होता.

पास्क म्हणाला, "बाई, दगड हलवायला दोन धडधाकट माणसं तरी लागतील. आणि गाडी."

धडधाकट, वर गाडी असलेला आणि आडनावाचा हॅलेट, असा गावात एकच माणूस होता. माझा धाकटा, रूबेन.

२

उन्हं वर यायच्या आत मिस्टर बॅगशॉ हजर झाले. रूबेनला तालुक्याच्या कोठडीत टाकायचं त्यांनी परस्पर ठरवलंही. पण घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. त्या दिवशी ऑस्बरी गावाशी सामना होता. ऑस्बरीनं आम्हाला मागचे तीन उन्हाळे हरवलेलं. आणि आमच्याकडे वेगात चेंडू टाकणारा कोण, तर रूबेन.

तुम्ही शहरातली माणसं हसाल. पण आमच्याकडे गोलंदाजाला सामन्याआधी अटक करत नाहीत. बॅगशॉसाहेबांनी मिशीला पीळ दिला, आकाशाकडे बघितलं, खेळपट्टी अजून ओली आहे का विचारलं. मग म्हणाले, सामना संपल्यावर नेऊ. कप्तानालाही आत्ता काही सांगायचं नाही, उगाच संघाचं लक्ष उडेल. तोवर दगड सापडला तर ठीक.

पास्कनं मान डोलावली. तो काय बोलणार, तोच सामन्याचा पंच होता.

म्हणजे मला खेळ संपेपर्यंत मुदत होती. पोराला सांगितलं तर तो हादरेल, म्हणून सांगितलं नाही. सुनेला म्हटलं, तू पाव काप, मला काम आहे. ती म्हणाली, शनिवारी चहापेक्षा मोठं काय काम निघालं? मी म्हटलं, पातळ काप, तुझ्या हाताला सवय नाही.

आता आमच्या कप्तानाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कॅप्टन जोसलिन ट्रेहर्न. टेकडीवरच्या घरातले. हौशी खेळाडू, म्हणजे खेळायचे पैसे कधी घेतले नाहीत. लढाईआधी परगण्याच्या संघातून खेळायचे, आणि त्यांची बॅट चेंडूला लागली की आवाज असा यायचा, जसं कुणी हलक्या हातानं दार लावलं. अमोस एकदा शहरात सामना बघून आला आणि जेवता जेवता सांगत सुटला: कॅप्टनसाहेब शतकाला एक धाव कमी असताना चेंडू बॅटीला चाटून गेला. कुणाला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पंच म्हणाला नाबाद. साहेबांनी बॅट काखोटीला मारली आणि आपले आपण चालू पडले. लोक म्हणाले वेडा. अमोस म्हणाला, आई, माणूस असावा तर असा. मी म्हटलं, मूर्ख असावा तर असा, एक धाव काढून मग जायचं. पण मला ते आवडलं होतं.

लढाईत ते तोफखान्यात होते आणि अमोस त्यांच्याच तोफेचे घोडे हाकायचा. एकदा गोळा फुटला, घोडे जुवात अडकून किंचाळायला लागले. साहेब परत फिरले, एकेकाचे पट्टे कापून त्यांना सोडवलं. उजवा हात तिथंच गेला. माणसांसाठी परत फिरणारे पुष्कळ असतात. मुक्या जनावरांसाठी परत फिरतो तो वेगळा.

परत आल्यावर एक उन्हाळाभर ते मैदानाच्या कडेला एकटेच उभे राहून डाव्या हातानं बॅट फिरवायचे. पहिल्या सामन्यात शून्यावर गेले, दुसऱ्यातही. बॅगशॉसाहेब म्हणाले, आता बाकावर बसून शोभा वाढवा. तिसऱ्या सामन्यात त्यांनी एका हातानं चेंडू चर्चच्या भिंतीवर मारला. बाकाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

अमोसच्या शेवटच्या हिवाळ्यात ते रोज यायचे, माडीवर बसायचे. ते दोघं काय बोलायचे ते मी विचारलं नाही. लढाईवरून आलेल्या दोन माणसांमध्ये आईनं बसू नये.

३

मी आधी जागा बघितली. चर्चच्या आवाराला दोन फाटकं. रस्त्याकडचं मोठं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली पाद्रीबुवांच्या उशाखाली. दुसरं लहान, ते मैदानात उघडतं. आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला, गवत मऊ. फाटकातून दोन उथळ चर निघाले होते, घसरगाडीचे. चाकं नसलेली, गवत ओढून न्यायची लाकडी घसरगाडी एझ्राकडे असते. एझ्रा आमचा मैदान राखणारा.

ते चर मैदानाच्या कडेकडेनं गोल फिरत पॅव्हेलियनशेजारच्या फाटकापाशी, खडीच्या रस्त्याला लागून संपत होते. पास्क म्हणाला, इथून पुढे रूबेनची गाडी. आणि खुराचा एकही ठसा नाही, म्हणजे माणसांनीच ओढलं. पायाला गोणपाट बांधून. हे बघा, कसे बशीएवढे गोल ठसे.

"पास्क," मी म्हटलं, "तू पंच आहेस, आंधळा असलास तरी चालतं. पण हवालदार म्हणून जरा बघ." असं म्हटलं खरं, पण त्या बशांचा अर्थ मलाही तेव्हा लागला नव्हता.

मग मी एझ्राकडे गेले. माझं लग्न ठरायच्या आधी एझ्रा माझ्याशी लग्न करणार होता, अजून त्याची कुरकुर संपलेली नाही. त्याच्याकडे एक तट्टू आहे, मेबल नावाचं. ती गवत कापायचं यंत्र आणि मोठा लोखंडी रोलर ओढते. मी विचारलं, रात्री मेबल बाहेर पडली होती का. तो म्हणाला, मेबल त्याच्याहून शहाणी, तिला विचार. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डॉर्कस, कुणीतरी तिचे जोडे घातले होते."

हे जोडे म्हणजे कातडी बूट. मैदानावर काम करताना घोड्याच्या खुरांना ते चढवतात, गवत दुखावू नये म्हणून. चार बूट, प्रत्येकाला बक्कल. एझ्रा ते ओळीनं खुंटीला टांगतो. आज ते उलटसुलट टांगलेले आणि ओले होते.

मी एक हातात घेतला. तळ बशीएवढा गोल.

पट्टा बघितला. कातड्याच्या टोकाला चावल्यासारख्या खुणा. मी विचारलं, मेबल चघळते का हे? एझ्रा चिडला. तिनं कधी चघळलं नाही, आणि खुणा घोड्याच्या दातांच्या नाहीतच, घोड्याचे दात केवढे असतात ते मला ठाऊक नाही का, असं त्यानंच मला ऐकवलं.

तिसरा माणूस कॉर्बेल पाथरवट. दगड त्यानंच घडवला. बॅगशॉसाहेबांनी त्याला तीनदा अक्षरांचा आकार बदलायला लावला, तेव्हापासून तो त्यांचं नाव घेताना थुंकतो. मी त्याला स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, "बाई, मी असतो तर माझा मोठा घोडा आणला असता आणि सरळ मैदान तुडवत गेलो असतो. त्या हिरवळीला लोक देवळासारखं का जपतात ते मला आजपर्यंत कळलेलं नाही." आणि जाताना म्हणाला, दगड गेला ते बरंच झालं. एकदा बिशपनं आशीर्वाद दिला की त्याला छिन्नी लावता येत नाही, चर्चचा नियमच आहे. पण दगड नसेल तर झेंडा कशावरून काढणार? मग सगळं सप्टेंबरच्या सभेपर्यंत पुढे जाणार, आणि त्या सभेत मंडळ नाही, अख्खं गाव हात वर करतं.

तो गेला आणि मी तिथंच उभी राहिले.

दगड चोरणाऱ्याला दगड नको होता. त्याला वेळ हवा होता.

४

चहाचं सामान घेऊन पॅव्हेलियनला गेले तर तिथं धुसफूस चालली होती. आमच्याकडे रीत आहे. साहेबलोक पुढच्या पायऱ्यांनी आत जातात, शेतावरची आणि कामावरची पोरं बाजूच्या दारानं. संघ एक, मैदान एक, दारं दोन. त्या दिवशी पुढच्या पायऱ्यांवर बाक आडवा टाकलेला, पायऱ्यांच्या पोटाला गोणपाटं लावलेली. कप्तानसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, पायरी कुजलीय, सगळ्यांनी बाजूनं यावं. स्वतःही बाजूनंच आले. बॅगशॉसाहेबांना गवळ्याच्या पोराच्या मागून आत शिरावं लागलं आणि ते लालबुंद झाले होते.

मी पाव मांडले, केक कापला, आणि मैदानाकडे बघत बसले. रूबेन धावत येऊन चेंडू टाकत होता, ऑस्बरीचे गडी पडत होते, लोक टाळ्या पिटत होते. माझ्या डोळ्यांसमोर ते चर होते.

लहान फाटकापासून पॅव्हेलियनपर्यंत सरळ यायचं तर मैदानाच्या मधून यावं लागतं, खेळपट्टीवरून. अर्ध्या वाटेत काम होतं. चोर माणूस, अंधारात, जड दगड घेऊन, मागे कुणी येईल ही धास्ती. तो सगळ्या मैदानाला वळसा घालतो. का? आणि आधी तट्टाला जोडे चढवतो, चारही पायांना. का? पकडला जाईल, पण खेळपट्टीला ओरखडा उठू देणार नाही. असा चोर कॉर्बेल नव्हे. त्याला ती हिरवळ म्हणजे नुसतं गवत.

एझ्रा असता तर जोडे ओळीनं टांगले असते. मरताना पण तो ते ओळीनं टांगेल.

राहिला माझा रूबेन. त्यालाही मैदान प्रिय. पण त्याला दोन हात आहेत. बक्कल लावताना पट्टा दातात कोण धरतो? ज्याला दुसरा हात नाही तो.

मग म्हणाल, एका हातानं शिळा कशी उचलली? तीही गोष्ट मला ठाऊक होती, फक्त मी ती दुःखाच्या कप्प्यात ठेवली होती. अमोस सांगायचा: आई, चिखलातून तोफ खांद्यानं निघत नाही. आमचा कॅप्टन एक फळी, एक दोर आणि एक घोडा घेऊन काढतो. माणसानं फक्त घोड्याच्या कानात गोड बोलायचं.

ऑस्बरीचा डाव आटोपला. चहाला मंडळी आली, खाल्लं, उठली. आमची फलंदाजी सुरू झाल्यावर सगळे बघायला कडेला गेले, तेव्हा मी खाली उतरून पायऱ्यांच्या पोटाचं गोणपाट बाजूला केलं.

पायऱ्या ठणठणीत होत्या. खाली घसरगाडीवर दगड होता, नावं वर करून, खाली नवं गवत अंथरलेलं. आता कळलं बाक का टाकलाय. वरून लोक गेले असते तर त्या दहा पोरांच्या नावांवरून बूट गेले असते. लपवायला ते आडवं आलं नसतं, उलट बाक टाकूनच त्यांनी लोकांचं लक्ष ओढून घेतलं होतं. पण ते त्यांच्यानं बघवलं नसतं. असा हा चोर. त्याला खेळपट्टी तुडवता आली नाही आणि मेलेल्यांची नावं तुडवू देता आली नाहीत.

दहाव्या नावाखाली पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. डाव्या हाताची, वाकडी, पुसून पुन्हा काढलेली अक्षरं. मला वाचायला वेळ लागतो. पण ते नाव मी थडग्यावर रोज वाचते.

अमोस हॅलेट.

५

आता मी काय करायचं, सांगा. तोंड उघडलं तर रूबेन सुटतो आणि अमोससाठी ज्यानं हे केलं तो माणूस कोठडीत जातो. तोंड मिटलं तर रूबेन जातो. दोन मुलगे, एक मेलेला, एक जिवंत, आणि दोघांच्या मध्ये मी.

आणि त्याहून वाईट एक शंका मनात आली. कॅप्टनला ठाऊक असेल का, की आळ माझ्या पोरावर आलाय? ठाऊक असून हा माणूस गप्प बसला असेल तर मग अमोसनं चार वर्षं कुणाच्या मागे घोडे हाकले?

ते पॅड बांधून बाकावर बसले होते, पुढचा गडी पडला की जायचं म्हणून. पॅडचा पट्टा दातात धरून ओढत होते. मी चहाचा कप घेऊन गेले.

"कॅप्टनसाहेब, पायरी खरंच कुजलीय का?"

त्यांनी पट्टा सोडला. माझ्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं, सवय असती तर.

"नाही, हॅलेटबाई."

"मी बघितली."

"मग तुम्ही सगळंच बघितलंत."

"सगळं नाही. खेळ संपला की पास्क माझ्या रूबेनला नेणार आहे. दगड त्यानं चोरला म्हणून."

माणसाच्या तोंडावरचा रंग कसा उडतो ते मी दोनदाच पाहिलंय. एकदा अमोसच्या शेवटच्या सकाळी आणि एकदा त्या बाकावर. त्यांना ठाऊक नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. ते उठले, बॅगशॉसाहेबांच्या दिशेनं वळले, तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मैदानात आरडाओरडा झाला. आमचा गडी त्रिफळाचीत झाला होता.

आमच्याकडे गडी पडला की पुढच्यानं जायचंच, घराला आग लागली असली तरी. ते म्हणाले, "बाई, मी परत येईपर्यंत रूबेनला कुठं नेऊ देऊ नका," आणि बॅट काखोटीला मारून निघून गेले.

६

तो डाव म्हणजे काय होता ते अजून लोक सांगतात, पण मी सांगते तेवढंच खरं. पलीकडून एकेक गडी जात होता आणि हा माणूस एका हातानं उभा होता. चेंडू उसळायचा, ते मागे सरायचे आणि बॅट अशी फिरवायचे जशी सुगरण तव्यावरची पोळी उलटते. ऑस्बरीचे लोक पण टाळ्या वाजवायला लागले. शेवटी पलीकडच्या टोकाला उरला रूबेन. त्याला फलंदाजीतलं ओ की ठो येत नाही. प्रत्येक षटकाच्या शेवटी साहेब एक धाव काढून त्याला चेंडूपासून दूर ठेवायचे. एका डावात ते सामना वाचवत होते आणि माझं पोरही जपत होते, असं मला वाटलं. बाईमाणसाला काहीही वाटतं.

जिंकायला चार धावा हव्या होत्या. गोलंदाज आला, चेंडू बाहेर वळला, साहेबांनी बॅट घातली, यष्टिरक्षकानं झेलला. ऑस्बरीनं अपील केलं, पण दमानं, कारण त्यांचीच खात्री नव्हती. पास्कनं मान हलवली. नाबाद.

बॅगशॉसाहेबांनी श्वास सोडला.

आणि कॅप्टन ट्रेहर्न चालू पडले.

रूबेन मधेच उभा, बॅट लोंबत. ऑस्बरी जिंकली होती आणि त्यांना आनंद कसा करावा ते कळेना. साहेब चालत आले ते पॅव्हेलियनमध्ये गेले नाहीत. सरळ पायऱ्यांपाशी गेले, बाक पायानं बाजूला सारला, गोणपाट ओढलं आणि दगड उघडा पडला.

बॅगशॉसाहेब धावत आले. मागून पास्क, पंचाचा पांढरा कोट सांभाळत. मागून दोन्ही गावं.

"दगड मी नेला," साहेब म्हणाले. "एकट्यानं. मंडळात मी विरोधात होतो आणि हरलो. बाहेर बोलणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून बोललो नाही. शब्दात चोरीबद्दल काही नव्हतं."

पास्कनं टोपी काढली, डोकं खाजवलं. तो गरीब माणूस, लढाईत तोही त्याच तोफखान्यात होता. म्हणाला, "साहेब, मी काही पाहिलेलं नाही. साक्षीदार नाही. दगड तर इथंच, गावातच आहे. माझ्या मते काही घडलेलंच नाही."

"पास्क, आज दुसऱ्यांदा तू मला नाबाद देतोयस," कॅप्टन म्हणाले. "दोन्ही वेळा मी बाद आहे. रूबेन हॅलेटचा यात काही संबंध नाही. त्याची माफी माग आणि मला कुठं न्यायचं ते सांग."

बॅगशॉसाहेबांनी पुन्हा मिशीला पीळ दिला. त्यांनी पास्कला हुकूम सोडला, न्या यांना. साहेब म्हणाले, जरूर, फक्त सकाळी बिशप आले की मला तेवढा वेळ चर्चच्या दारात उभं राहू द्या. दगड का नेला ते मी त्यांना स्वतः सांगेन, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

तेव्हा बॅगशॉसाहेबांनी आजूबाजूला बघितलं. ऑस्बरीच्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. त्यांच्या कप्तानानं खाली वाकून पेन्सिलीचं नाव वाचलं आणि विचारलं, हा तोच ना, जो आमच्याविरुद्ध नेहमी शून्यावर जायचा आणि तरी हसत परत यायचा? एझ्रा म्हणाला, तोच. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. सुनेनं तेवढ्यात चहाची किटली उचलून बाजूला ठेवून दिली. शनिवारी नेदरकोमला चहा मिळत नाही म्हणजे काय ते अध्यक्षाला कळलं असावं.

आता मी म्हटलं, "बॅगशॉसाहेब, तुमच्या नियमानं तुमचा कप्तान निम्माच परत आला, तर त्याचा हात तरी दगडावर लिहा. तो तर घंटांच्या आधीच पडलाय."

ऑस्बरीकडून कुणीतरी हसलं. बॅगशॉसाहेब बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःचं मूल नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं. शेवटी, बिशपना सकाळऐवजी दुपारची वेळ कळवतो, कोरायला वेळ लागेल, एवढं पुटपुटून ते पॅव्हेलियनमध्ये निघून गेले. बाजूच्या दारानं.

कॉर्बेल कधी घरी जाऊन छिन्नी घेऊन आला ते कुणी पाहिलं नाही. गुडघ्यावर बसला, अक्षरांवर बोट फिरवलं आणि मला म्हणाला, "बाई, साहेबांची अक्षरं वाकडी आलीत. अशीच ठेवू, की सरळ करू?"

"सरळ कर," मी म्हटलं. "माझ्या मुलाला वाकडं काही शोभलं नाही."

रूबेन, पास्क, एझ्रा आणि ऑस्बरीचे दोन गडी यांनी मिळून दगड परत नेला. मेबलला जोडे चढवले आणि मैदानाला वळसा घातला. सरळ जा असं कुणीच म्हणालं नाही.

रविवारी बिशपनं झेंडा काढला. शेवटचं नाव बाकीच्यांपेक्षा पांढरं दिसत होतं, नुकतं कापलेलं म्हणून. दोन पावसाळे गेले की सारखं होईल. कॅप्टन माझ्या शेजारी उभे होते, रिकामी बाही खिशात खोचून. मी हळूच विचारलं, वरती मधे जागा होती, आडनावाच्या क्रमानं अमोस तिथं बसला असता. तुम्ही त्याला तळाला का घातलंत?

ते म्हणाले, "बाई, तो नेहमी शेवटीच खेळायला जायचा. बाकीचे दहा कधीचे त्याची वाट बघत होते."

मी नावं मोजली. अकरा भरली.

पुढच्या शनिवारपासून आमच्या पॅव्हेलियनमध्ये सगळे पुढच्या पायऱ्यांनी जातात, गवळ्याचा पोरगाही. फक्त कॅप्टनसाहेब अजून बाजूनं येतात. कुणी विचारलं तर सांगतात, पायरी कुजलीय.